मावशीचं सातवं रीळ

मी सिनेमात होतो असं म्हटलं की समोरच्याचे डोळे लकाकतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग कुणाकुणाला जवळून पाहिलंत?" पाहिलं सगळ्यांनाच, पण यंत्राच्या मागं उभं राहून, घामानं निथळत, एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा दिव्यातल्या जळत्या कार्बनच्या कांड्यांवर ठेवून. मी फिरत्या तंबूतल्या टॉकीजचा ऑपरेटर होतो. या अंकाच्या संपादकांनी मला त्या काळातल्या गाजलेल्या बोलपटांबद्दल लिहायला सांगितलं आहे. त्यांचा विश्वास मोडवत नाही, पण गाजलेले बोलपट आमच्या तंबूपर्यंत पोचतच नसत. आमच्याकडं यायचे ते गाजून दमलेले, नाहीतर कधीच न गाजलेले. त्यातल्या एकाबद्दल लिहितो. तो मी इतक्या वेळा दाखवला, की तो काढणाऱ्यानंही तितक्या वेळा पाहिला नसेल. आणि तरीही त्याची गोष्ट काय होती असं विचारलंत, तर मला आजही सांगता येणार नाही.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची काही वर्षं. बाहेर मोठी लढाई चालू होती आणि तिची झळ आम्हाला रॉकेलच्या टंचाईनं आणि नव्या चित्रांच्या टंचाईनं लागत होती. तंबूचे मालक होते दस्तगीरभाई. मूळचे अत्तर विकणारे, पोट सुटलेले, आवाज असा की एका वेशीवर बोलले तर दुसऱ्या वेशीवर म्हशी मान वर करत. सगळं बिऱ्हाड दोन बैलगाड्यांत मावायचं. एका गाडीत कनाती, बांबू आणि पडदा, दुसऱ्या गाडीत यंत्र, इंजिन आणि रिळांचे डबे. गाव लागलं की मामलेदाराची परवानगी काढायची, एखादं मोकळं खळं बघायचं, तंबू ठोकायचा, मधोमध कनात लावून बाया इकडं आणि बाप्ये तिकडं बसवायचे. जमादार आणि पाटलांसाठी पुढं चार खुर्च्या. बाकी सगळी रयत जमिनीवर.

आमच्याजवळ यंत्र एकच होतं. शहरातल्या थिएटरात दोन असतात, एकाचं रीळ संपलं की दुसरं सुरू होतं आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमच्याकडं दर रिळानंतर अंधार. मग गॅसबत्ती वर चढायची, मी रीळ उतरवून दुसरं चढवायचो, आणि तेवढ्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून दस्तगीरभाई पत्र्याचा भोंगा घेऊन पडद्यासमोर उभे राहायचे आणि आतापर्यंत काय झालं ते मराठीत सांगायचे. बोलपट हिंदी-उर्दूतला, लोकांना निम्मा कळायचा, उरलेला निम्मा भाई भरून काढायचे. ते भरलेलं बहुतेक त्यांच्या पदरचंच असे.

या बोलपटाचं नावही मला ठाऊक नाही. नावाची आणि नटांच्या यादीची पट्टी आमच्याकडं येण्याआधीच कुठंतरी जळून गेली होती. तेव्हाची फिल्म ठिणगी लागली की भडकायची. त्यामुळं भाई गावागणिक नवं नाव ठेवत. तुळजापुरात तो भक्तिपट होता, परंड्याला किल्ला आहे म्हणून तलवारीचा, आणि बाजाराच्या गावी घरगुती. तिन्ही नावं खपून जात, कारण त्यात सगळंच थोडं थोडं होतं. एक नवाबजादा गवळ्याच्या घरी वाढतो. तो आंधळा होतो, बरा होतो, मग त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक जण निघतो. त्याचा बाप सुरुवातीलाच मरतो आणि शेवटी कोर्टात साक्षीला येतो. मी पुष्कळ दिवस समजत होतो की तो बापाचा भाऊ असावा. भाईंचं मत पडलं की भाऊ केला असता तर नटाला दोन कामांचे पैसे द्यावे लागले असते.

नायक देखणा होता, पण चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. नायिका त्याच्याकडं बघायची आणि तो छताकडं बघायचा. लोक या दोघांच्या वेळी विडी पेटवत. त्यांचा सगळा जीव होता तो बाजूच्या माणसांवर. लंगडणारा एक हवालदार होता, तो चोराला धरायला जाताना आधी कुठला पाय टाकायचा याचा विचार करायचा. एक मुनीम होता, खोटं बोलताना कानाची पाळी ओढायचा. या दोघांना मिळून नायकाच्या निम्मंसुद्धा काम नव्हतं, पण गावंच्या गावं लंगडत घरी जायची.

आणि मावशी. नवाबजाद्याच्या घरी सैपाक करणारी, पन्नाशीची बाई. ती पडद्यावर आली की वाटायचं, ही आत्ता या तंबूतूनच उठून तिकडं गेली. पदर कमरेला खोचून परातीपुढं बसायची, पीठ मळता मळता नायकाला रागावायची आणि भाकरी थापण्याआधी मनगटाच्या मागच्या बाजूनं नाक पुसायची. बोलायची उर्दूच, पण एके ठिकाणी तव्यावरची भाकरी करपते तेव्हा तिच्या तोंडून पुटपुटल्यासारखं "अय्यय्यो शिवने" असं कानडी निघून जायचं. तिथं ते कसं राहिलं देव जाणे. काढणाऱ्याला ऐकू आलं नसावं. सातव्या रिळात ती मरायची. खलनायकानं नायकाच्या दुधात विष घातलेलं असतं, आणि साखर बरोबर पडली का ते बघायला मावशी घोटभर चाखते. स्वभावाला धरून मरणारी त्या बोलपटात ती एकटीच.

सातवं रीळ संपलं की लोक उठायचे. "मावशी गेली, चला." पुढचं कोर्ट रिकाम्या तंबूत चालायचं. भाईंना याचं फार वाईट वाटे. त्यांनी भोंग्यातून खजिन्याचं आमिष दाखवून पाहिलं, पण मावशी नसलेल्या घरात लोक बसायला तयार नसत.

येरमाळ्याला जाताना एक गाडी ओढ्यात कलंडली. डबे पाण्यात पडले. मी रिळं उन्हात वाळवली आणि अंदाजानं परत भरली. डब्यांवरचे चुन्यानं घातलेले आकडे धुऊन गेले होते. संध्याकाळी यंत्र चालू केलं, पहिलं रीळ बरोबर लागलं, आणि दुसऱ्यालाच मावशी दूध पिऊन आडवी झाली. सातवं लागलं होतं. त्यानंतर जे रीळ हाती आलं ते लावलं, तर मावशी चुलीपुढं ठणठणीत! गॅसबत्ती वर गेली तेव्हा भाईंनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि भोंगा तोंडाला लावला, "तुमच्या गावच्या येडाईची किरपा झाली आन मावशी उठली!" लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत एक माणूस हलला नाही. बाहेर पडताना तिथले शाळामास्तर मला म्हणाले की बोलपट गुंतागुंतीचा असला तरी गोष्ट फार छान बांधली आहे. मी मान डोलावली.

पुढच्या गावी मी आकडे परत घातले आणि ओळीनंच दाखवू लागलो. धंद्याची रीत ती रीत. सोनारीची जत्रा केली, मग रस्त्यावरची दोन-चार गावं, आणि नळदुर्गाला आलो. तिथं बाजाराजवळचं एक मोठं खळं मिळालं. ते रेवणप्पा नावाच्या धान्याच्या अडत्याचं होतं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. स्वतः ते बोलपट बघत नसत, पण सगळं गाव आपल्या खळ्यावर येणार याची मजा त्यांनाही वाटत होती.

पहिल्या दिवशी मावशीची भाकरी करपली आणि ती "अय्यय्यो शिवने" म्हणाली. नळदुर्गात कानडी घरोघरी. मला वाटलं हसतील. पण बायांच्या बाजूनं हसू आलंच नाही, चार-पाच जणी उठूनच उभ्या राहिल्या. एक ओरडली, "अगं, गिरिजी! रेवणप्पाची गिरिजी न्हवं का ही!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेवणप्पा तंबूत हजर. भाई चहा पीत होते, मी यंत्राला तेल देत होतो. रेवणप्पा बसले नाहीत. "त्या बाईची रिळं आज लावायची न्हाईत," म्हणाले.

"कुठल्या बाईची?" भाईंनी विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग ते बसले आणि सगळं सांगितलं. गिरिजा त्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, माहेरी परत आली. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात नाटक कंपनी आली आणि ती तिच्याबरोबर निघून गेली. रेवणप्पा सोलापुरापर्यंत शोधत गेले, सापडली नाही. परत येऊन त्यांनी आईला सांगितलं की गिरिजी पटकीनं गेली.

"का सांगितलं असं?" मी विचारलं.

"पळून गेली म्हनलो असतो तर अव्वा रोज वाट बघत बसली असती. मेली म्हनलो, एकदाच रडली." जरा थांबून म्हणाले, "आन गावात तोंड दाखवायचं हुतं मला. ते बी हाय."

आता गावानं पडद्यावर बघितलं होतं आणि सकाळी सकाळी चार बायांनी म्हाताऱ्या अव्वाच्या कानावर घातलं होतं. ती संध्याकाळी बघायला येणार म्हणून हटून बसली होती.

"मावशी नक्को बोले तो क्या दिखाऊं जी?" भाई म्हणाले. "हिरो? पब्लिक तंबू जलाके जाती मेरा."

रेवणप्पांनी आजूबाजूला खळ्याकडं पाहिलं. खळं त्यांचं होतं, तंबू आज दुपारीच उठवायला लावणं त्यांच्या हातात होतं, आणि पुढच्या बाजारापर्यंत आम्हाला दुसरी जागा नव्हती. मग त्यांनीच तोड काढली. "बरं, ती मरती न्हवं त्यात? मग तिचं मरान शेवटाला लावा, त्याच्यापुढं काय बी नगं. अव्वा बघंल, मेली म्हनंल, घरी जाईल. माझा शबूद खरा ऱ्हाईल."

मला ही युक्ती इतकी अजब वाटली की हसावं का रडावं कळेना. पडद्यावर मेलेली बाई खरोखर मेली असं म्हातारी समजेल, असा त्या शहाण्या अडत्याचा हिशेब होता. पण भाईंनी लगेच हात पुढं केला. कोर्टाची रिळं आधी आणि सातवं शेवटी. गोष्टीचं काही बिघडणार नव्हतं. तिचं बिघडायचं तेवढं काढणाऱ्यानंच बिघडवलं होतं.

संध्याकाळी लोक लवकरच जमले. मी डबे नव्या ओळीनं लावून ठेवले होते. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी थेट यंत्रापाशी आली. बायांच्या बाजूला जायचं सोडून इकडं कशी, म्हणून मी उठलो, तर तिनं विचारलं, "तू व्हय रं पडद्यावर मान्सं आनतोस?"

"व्हय अव्वा."

"माझी गिरिजी हाय म्हनत्यात त्यात. म्या हाक मारली तर तिला ऐकू जाईल?"

"न्हाय अव्वा. ते आधीच उतरवून घेतलेलं असतंय. आपल्याला तेवढं दिसतं."

ती जरा विचारात पडली. "बरं. मग नुसती बघती." जायला निघाली आणि वळून म्हणाली, "म्या तिच्यासाठी एकदा रडून घेतलंय बाबा. रेवण्या म्हनला मेली, रडले. आता त्या खेळात बी मारत्यात काय तिला?"

मी डब्यांवरचे आकडे बघू लागलो. ती बायांच्या बाजूला जाऊन अगदी पुढं बसली. खुर्चीवर रेवणप्पा ताठ बसले होते. मला त्या माणसाचा राग आला. मी सातव्या रिळाचा डबा उचलला आणि शेवटून काढून दुसऱ्या जागी ठेवला. येरमाळ्याला चुकून झालं होतं, ते आता समजून उमजून.

पहिलं रीळ गेलं. त्यात मावशी फक्त ताट घेऊन येते आणि जाते, पाठच दिसते. मग मी सातवं लावलं. मावशीनं दूध चाखलं, छातीला हात लावला आणि खाली कोसळली. गॅसबत्ती वर गेली. रेवणप्पांना ओळ चुकल्याचं कळलं असावं, पण त्यांना हवं होतं ते तर झालंच होतं, उलट लवकर झालं. ते उठले, कनातीपाशी जाऊन म्हणाले, "अव्वा, बघितलंस न्हवं? चल. झालं."

म्हातारी काठीवर भार देऊन उठू लागली.

मी घाईनं पुढचं रीळ उचललं. रीळ चढेना, फिल्म दात्यात बसेना, आणि दोन मिनिटांत ती गेली असती. मी भाईंकडं पाहिलं. भाईंनी डब्यांकडं पाहिलं, मग म्हातारीकडं. त्या माणसाच्या डोक्यात काय चालतं हे मला कधीच कळलं नाही, पण त्यांनी भोंगा तोंडाला लावला तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं.

"बसा, बसा, आये, बसा! मावशी मेली न्हाय! मेल्याची नुसती आवई उठवली हुती कुनीतरी!"

सगळ्या तंबूच्या माना एकदम रेवणप्पांकडं वळल्या.

इकडं फिल्म बसली. मी बत्ती उतरवायची खूण केली आणि पडद्यावर चूल पेटली. मावशी पदर खोचून परातीपुढं बसली होती. तिनं मनगटानं नाक पुसलं आणि म्हातारी होती तिथंच खाली बसली. "ही तशीच पुसायची," एवढंच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग भाकरी करपली.

"अय्यय्यो शिवने," पडद्यावरून मावशी म्हणाली.

"काय झालं गं पोरी?" म्हातारीनं खालून विचारलं.

तंबू हसला, आणि हसता हसता बायांच्या बाजूचे पदर डोळ्याला गेले. रेवणप्पा उभेच होते. मागून कुणीतरी "खाली बसा, दिसंना झालंय" असं ओरडलं, तेव्हा ते खुर्चीवर येऊन बसले. तो बोलपट शेवटच्या कोर्टासकट पाहणाऱ्या थोड्या लोकांत ते मोडतात. कोर्टात साक्षीला आलेला बाप मेलेला होता हे त्यांच्या लक्षात आलं की नाही ते माहीत नाही. त्या दिवशी त्यांना त्यात नवल वाटलं नसावं.

सकाळी आम्ही आपणहून दोऱ्या सोडायला घेतल्या. रेवणप्पा आले. मी भाईंच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"दोऱ्या कशापायी सोडताय?" त्यांनी विचारलं.

"तुम बोलते उस के पैले," भाई म्हणाले.

रेवणप्पांनी सुटलेल्या दोरीचं टोक उचलून हातात घेतलं. "अव्वा जेवंना झालीय. म्हनती, जिती हाय तर आन. कुटनं आनू मी?" त्यांच्या आवाजातला अडत्या कुठंतरी गेला होता. "ही चित्रं कुटं काढत्यात?"

बोलपटाची पेटी रेल्वेनं येते आणि कंपनीचा पत्ता तिच्यावर असतो. मी तो वाचून दाखवला. त्यांनी दोनदा म्हणून पाठ केला, आणि त्याच दिवशी सोलापूरच्या मोटारीत बसले. आमचा तंबू त्या खळ्यावर राहिला, आणि नळदुर्गात रोज मावशी आधी मेली आणि मग जगली.

वर्षाच्या आत आम्ही परत नळदुर्गाला आलो. बोलपट तोच, भाईंनी नाव फक्त नवं ठेवलं होतं. मी डबे लावत होतो तेव्हा एक बाई समोर येऊन उभी राहिली. मी तिला इतक्या वेळा पाहिलं होतं, पण रंगीत लुगड्यात कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळं ओळखायला वेळ लागला.

"तुमीच का मला पहिल्यांदा मारता?" गिरिजाबाई म्हणाल्या.

मी चाचरलो. म्हटलं, "बाई, मूळची ओळ मला ठाऊक आहे, पण इथं..."

"अवो, बरोबर हाय तुमचं. तिथं बी तसंच झालं. पहिल्या दिवशी गेले तर म्हनले, पड आन मर. कशानं मरायचं ते बी धड सांगितलं न्हाय. मग पुढं म्हैनाभर भाकऱ्या थापाय लावल्या. गोष्ट काय हाय ते मला अजून म्हाईत न्हाय." मग हळूच म्हणाल्या, "माझं आयुष्य बी त्याच ओळीनं गेलं की."

मला हसू आलं. पण या बाईचं नाव आमच्या पडद्यावर कधी आलंच नव्हतं. नावाची पट्टी जळालेली, आणि आम्ही गावोगाव तिच्यावर पोट भरत होतो. ही खंत मला तेव्हापासून आहे. पण त्या संध्याकाळी रेवणप्पा स्वतः भाईंकडं गेले आणि त्यांच्या कानाशी लागले. "नाव सांगा तिचं. म्हाईरचं सांगा."

भाईंनी भोंग्यातून असं सांगितलं की किल्ल्यातल्या घुबडांनीही ऐकलं असेल. टाळ्या थांबेनात. त्या गडबडीत नायकाचं नाव काय असं कुणी विचारलंही नाही.

खेळ सुरू झाला. अव्वा पुढंच बसली होती, तिच्या शेजारी गिरिजाबाई. मावशी मेली तेव्हा अव्वानं डोळ्याची पापणीही हलवली नाही, आता ती जाणती झाली होती. मग चूल पेटली, परात आली. यंत्रापासून मला त्या दोघींची डोकी दिसत होती. गिरिजाबाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्याकडं वाकून म्हणाल्या, "अव्वा, अगं मी हिकडं हाय. माझ्याकडं बघ की."

म्हातारीनं तो हात धरून मांडीवर दाबून ठेवला, पण नजर पडद्यावरून हलवली नाही.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "तिकडं भाकर करपंल."